बाईंची दोन बोटं

आमच्या घरात सपाट जागा म्हणून उरलेली नव्हती. जेवणाचं टेबल, शिवणयंत्राची पाठ, पलंगाची माझी बाजू, जिथे म्हणून एक कागद आडवा ठेवता येईल तिथे तक्ता पसरलेला असायचा. कुठला प्राणी किती वर्षं जगतो, वर्गातल्या किती मुलांना मांजर आवडतं आणि किती जणांना कुत्रा, सोमवारी किती जण उशिरा आले आणि शुक्रवारी किती. हा सगळा पसारा माझ्या बायकोचा. एकोणतीस वर्षं ती चौथीला शिकवत होती. शाळेत तिला बाई म्हणतात आणि घरात मीही बाईच म्हणतो. आधी चेष्टेने म्हणायचो, आता जीभ वळली आहे.

तिच्याबद्दल सांगायला माझ्याइतका लायक माणूस मिळणार नाही, कारण आम्हा दोघांचं दुखणं एकच. मी बस आगाराच्या चौकशी खिडकीत बसतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक होतं, पत्र्यावर रंगवलेलं, पुरुषभर उंच. डावीकडे थांबे, वर वार, मधे वेळा. ज्या वारी गाडी नाही त्या चौकटीत रेघ. लोक माझ्याकडे पाठ करून त्या फलकासमोर उभे राहायचे, खालपासून वरपर्यंत न्याहाळायचे, मान डोलवायचे आणि मग वळून खिडकीत डोकं घालायचे. "साहेब, गाडी किती वाजता?" चष्मेवाले, सुटाबुटातले, बगलेत वर्तमानपत्र मारलेले! पहिली दहा वर्षं मी बोट दाखवून "तिथे लिहिलंय" म्हणत होतो. लोक भांडायचे. मग मी वेळ सांगून मोकळं व्हायला लागलो आणि आतल्या आत धुमसायला लागलो.

लग्न झालं त्याच वर्षी मी हे गाऱ्हाणं बायकोपुढे मांडलं. मला वाटलं, ती हसेल. ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "त्यांना कोणी शिकवलंच नाही हो. सगळ्यांना ओळीने वाचायला शिकवतात. तक्ता ओळीने वाचत नाहीत, दोन बाजूंनी वाचतात." त्या दिवसापासून माझ्या खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस तिच्या लेखी चौथीत कच्चा राहिलेला आहे. कोणी रेघ असलेल्या वारी तासभर गाडीची वाट बघत बसला, असं मी घरी सांगितलं की ती विचारायची, "कुठल्या शाळेचा?" जसं काही मला ते माहीत असणार.

शिकवायची म्हणजे ती जीव काढायची. मुलांचा आणि स्वतःचाही. चित्रांचा आलेख काढला की वर लिहायचं, एक चेहरा म्हणजे दहा मुलं. मुलं ते वाचत नाहीत, सरळ चेहरे मोजतात. पाच मुलं दाखवायला अर्धा चेहरा काढला तर एकाने विचारलं, "बाई, याला काय लागलं?" उभ्या खांबांचा आलेख काढला की सगळ्यात उंच खांबाला टाळ्या. "अरे, पण हा गैरहजर मुलांचा खांब आहे!" तरी टाळ्याच. उंच ते चांगलं, बुटकं ते वाईट, हे मुलांच्या डोक्यात कोण भरवतं कोण जाणे. बाई फळ्यावर ठोकून सांगायची, "आधी आलेखाचं नाव वाचा. मग खालची ओळ, मग बाजूचे आकडे. खांब सगळ्यात शेवटी." घरी येऊन खुर्चीत पडायची आणि म्हणायची, "आज सदतीस वेळा सांगितलं." मोजलेलं असायचं. तिचं मोजणं खोटं निघणार नाही.

दोन बोटांची पद्धत मात्र तिची स्वतःची. ती तिने आमच्या मुलीवर शोधून काढली. मुलगी आठ वर्षांची असताना शाळेचं वेळापत्रक समोर धरून रडत होती, मंगळवारचा तिसरा तास सापडेना. बाईने तिच्या डाव्या हाताचं बोट मंगळवारवर ठेवलं, उजव्या हाताचं तिसऱ्या तासावर. एक बोट आडवं सरकव, दुसरं खाली आण. "जिथे टक्कर, तिथे उत्तर." मुलीचं रडं थांबलं. दुसऱ्या दिवशी हे वर्गात गेलं आणि वीस वर्षं टिकलं. आता आमची मुलगी संसाराला लागली, दूर असते, तरी फोनवर तक्रार करते, "आई, ऑफिसात कागद समोर आला की माझी बोटं अजून आपोआप पुढे जातात. लोक हसतात."

मागच्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती, हळूबाई. हे नाव मुलांनी ठेवलेलं. बाई रागावायची, पण तिच्याही तोंडात तेच बसलं. हळूबाई सगळंच सावकाश करायची. दप्तर उघडायला इतका वेळ की तोवर तास अर्धा संपायचा. तक्ता तर तिच्यासमोर ठेवला की ती त्यातल्या एखाद्या चौकटीकडे बघत बसायची. सहामाहीपर्यंत बाईने तिच्यापुढे हात टेकले होते. मग एका दुपारी हळूबाईने डावं बोट ठेवलं, उजवं ठेवलं, गोगलगाईच्या गतीने दोन्ही सरकवली, टक्कर झाली, आणि तिने मान वर करून विचारलं, "बाई, सगळ्या तक्त्यांत असंच असतं?"

"सगळ्या."

"मग मला सगळे येतात."

हे बाईने घरी येऊन मला दोनदा सांगितलं. मी चहा ओतत होतो, मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात वरच्या कार्यालयाकडून शाळेला टॅब आले. चौथीच्या चारही वर्गांची परीक्षा टॅबवर होणार, विषय एकच, तक्ते आणि आलेख. आपल्या वर्गावर आपण थांबायचं नाही असा नियम, त्यामुळे बाई परीक्षेच्या वेळी दुसऱ्याच वर्गावर होती. ती निर्धास्त होती. म्हणाली, "बाकी कशात नाही, पण यात माझी मुलं मार खाणार नाहीत."

मुलं बाहेर आली ती रडकुंडीला. "बाई, तक्ता पळाला."

बाई म्हणाली, "तक्ता कुठे पळतो? पळते ती नजर. लक्ष नसेल तुमचं."

घरी तिने मला हे हसत सांगितलं आणि मीही हसलो. मी म्हटलं, "माझ्याकडे भिंतीला खिळे मारून ठोकलेला तक्ता लोकांना सापडत नाही, मग तो पळाला तर काय होईल!" हा माझा विनोद आठवला की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. मुख्याध्यापकांनी, त्यांना मोठे सर म्हणतात, सगळ्या शिक्षकांना बसवून भिंतीवर आलेख दाखवला. अ वर्गाला चौऱ्याहत्तर, ब ला एकाहत्तर, ड ला बहात्तर. बाईच्या क वर्गाला त्रेपन्न. बाजूचे आकडे पन्नासपासून सुरू केले होते, त्यामुळे तीन खांब ताडमाड आणि क चा खांब नखाएवढा.

त्या संध्याकाळी ती दारातूनच ओरडत आली. "शून्य कुठाय? पन्नासपासून आलेख काढतात का कुठे? माझी चौथीतली मुलं असा काढत नाहीत!"

मी म्हटलं, "अगं, पण त्रेपन्न ते त्रेपन्नच ना?"

 तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "हो. तेच तर."

मोठ्या सरांनी तिला नंतर खोलीत बोलावून गोड शब्दांत सांगितलं होतं की पुढच्या सत्रापासून तिने पहिली घ्यावी. चौथीला टॅबवर हात बसलेलं कोणीतरी तरुण हवं. "पहिली म्हणजे पाया आहे बाई, तिथे तुमच्यासारखं अनुभवी माणूस पाहिजे." एकोणतीस वर्षांत तिच्या अनुभवाची आठवण त्यांना पहिल्यांदाच झाली होती. सत्र संपायला पाच आठवडे होते. बाईने मनाशी ठरवलं, पाच आठवड्यांत मुलं अशी तयार करायची की सरांना आपला शब्द मागे घ्यावा लागेल.

तिने वर्गाला जुंपलं. मधल्या सुट्टीत तक्ता, चित्रकलेच्या तासाला तक्ता. गंमत म्हणजे मुलं सगळं बरोबर सांगत होती. बोटं ठेव, सरकव, टक्कर, उत्तर. हळूबाईसुद्धा. यामुळे बाईचं डोकं आणखीच भणभणायला लागलं. "वर्गात येतं, परीक्षेत येत नाही. म्हणजे माझी खोड काढतात का ही पोरं?" ती मुलांवर डाफरायला लागली, आणि घरी आल्यावर माझ्यावर. एकदा तिने रागाच्या भरात चौतीस मुलांना उभं केलं आणि म्हणाली, "तुम्ही माझं नाक कापलंत." हे तिने मला त्याच दिवशी सांगितलं, पण मान खाली घालून.

त्याच सुमाराला आमच्या आगाराचाही कायापालट झाला. रंगवलेला फलक उतरवून माझ्या खुर्चीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि त्याच्या जागी काचेचा मोठा पडदा आला. हात लावला की वेळापत्रक दिसतं. लोक आता पडद्याला हात लावतात, मान डोलवतात आणि मग वळून खिडकीत डोकं घालतात.

एका मंगळवारी दुपारी हळूबाई आली, आजीला घेऊन. आजीच्या डोळ्यांचा इलाज चालू होता, दर आठवड्याला दवाखान्यात जायचं, आणि आजीला नीट दिसत नसल्याने वाचायचं काम नातीचं. मला ती ओळखत होती. "बाईंचे काका" म्हणायची.

मी म्हटलं, "काय गं, सांगू का गाडी?"

"नको काका. मला येतं."

 सबंध आयुष्यात माझ्या खिडकीशी असं कोणी बोललं नव्हतं.

ती माझ्याकडे पाठ करून पडद्यासमोर उभी राहिली. डावं बोट थांब्यावर, उजवं बोट वारावर. दोन्ही बोटं काचेवरून सावकाश जवळ आणायला लागली. आणि माझ्या डोळ्यांदेखत अख्खं वेळापत्रक आक्रसलं, काडेपेटीएवढं झालं आणि कोपऱ्यात गेलं. तिने पुन्हा उघडलं. या वेळी आधी एकच बोट ओळीवरून सरकवलं. त्याबरोबर ते पान गेलं आणि भलत्याच मार्गाचं पान आलं. पुन्हा. पुन्हा. मागे चार माणसं ताटकळत होती, एकाने "आटप की" म्हटलं.

हळूबाई वळली. "आज्जी, पळाला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, शाळेत परीक्षेला पण असाच पळाला होता."

मला सगळं उमगलं, आणि गाडी सांगायचं भान येईतो उशीर झाला. चार वीसची गाडी त्यांच्यासमोरून निघून गेली. पुढची पावणेसहाची, आणि दवाखाना पाचला बंद होतो. आजी बाकावर टेकली आणि म्हणाली, "जाऊ दे गं बाळा, तुझा काय दोष."  हळूबाई आपल्या बोटांकडे बघत होती.

घरी गेलो तेव्हा बाई दिवेलागणीच्या आधीच दिवा लावून वह्या तपासत होती. मी तिच्या फोनवर तिच्याच एका तक्त्याचा फोटो उघडला आणि तिच्यापुढे धरला. "तुझ्या पद्धतीने वाच."

तिने डावं बोट ठेवलं, उजवं ठेवलं, जवळ आणली. तक्ता लहान झाला. तिने हात काढून घेतला, पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. मी तिला हळूबाईचं सांगितलं. एक बोट सरकलं की पान पुढे जातं, हेही सांगितलं. परीक्षेत तर, ती म्हणाली, मागच्या प्रश्नावर जायची सोयच नव्हती.

तिने फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "मुलं मला सांगत होती हो. चौतीसच्या चौतीस मुलं सांगत होती. आणि मी काय म्हटलं?" तिने वाक्य पुरं केलं नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मला तिचा राग आला होता, माझा आला होता, त्या काचेचा तर फारच आला होता. पण भांडी पुसायला फडकं घेऊन शेजारी उभं राहण्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात उभं राहून सांगितलं, "तक्ता खरंच पळत होता. चूक माझी झाली. तुमचं मी ऐकायला हवं होतं."

एका मुलाने विचारलं, "मग आमचे मार्क?"

तेच घेऊन ती मोठ्या सरांकडे गेली. आधी परीक्षेतलेच प्रश्न कागदावर काढून मुलांकडून सोडवून घेतले, शेजारच्या वर्गाच्या शिक्षिकेला समोर बसवून, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. सरासरी आली एकोणऐंशी. बाईने आलेख काढला, शून्यापासून, वर नाव घालून, आणि सरांच्या टेबलावर ठेवला. सगळी हकिकत सांगितली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. ते म्हणाले, "बाई, मला शंभर टक्के पटतंय. पण हे भरू कुठे? निकाल वर गेला. वरच्या फॉर्ममध्ये कागदावरच्या परीक्षेला रकानाच नाही."

रकाना नाही! ज्या बाईने आयुष्यभर मुलांना रकाने वाचायला शिकवलं, तिच्यासाठी एक रकाना काढायला कोणाचा हात झिजला असता? मी म्हटलं, "आपण वर लिहू. मी लिहितो. मला सरकारी भाषा येते."

ती म्हणाली, "लिहा तुम्ही. पण माझ्याकडे तीन आठवडे आहेत. माझी मुलं काचेपुढे हरायला नकोत." मी लिहिलं. उत्तर अजून यायचं आहे.

ते तीन आठवडे तिने वीस वर्षांची पद्धत स्वतःच्या हाताने मोडली. हात पाठीमागे घ्यायचे, आणि बोटांऐवजी नजर सरकवायची. एक नजर आडवी, एक उभी. मुलं वैतागली. हात बांधले की त्यांचे पायच गेल्यासारखं व्हायचं. हुशार होती त्यांनी आठवड्यात जमवलं, मधली होती त्यांनी रडतखडत. हळूबाई मात्र पुन्हा होती तिथे गेली. हात पाठीमागे घेतले की ती एखाद्या चौकटीकडे बघत उभी. बाईने तिला शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घेतलं. काही झालं नाही.

त्या संध्याकाळी टेबलावरचे तक्ते आवरताना बाई म्हणाली, "तेहतीस जमली. हळूबाई राहिली. तिला येत होतं हो! तिला येत होतं आणि मीच ते काढून घेतलं." ती ढसाढसा रडली.

नव्या सत्रात ती पहिलीवर गेली. घरात आता पत्र्याच्या डब्यांवर कापलेले मोठे आकडे आणि अक्षरं चिकटलेली असतात. चौथीचा विषय काढला की ती दुसरंच काहीतरी बोलते. मी आगारातली गाऱ्हाणी सांगतो, पण ती आता "कुठल्या शाळेचा?" असं विचारत नाही. मला त्या प्रश्नाची इतकी सवय होती हे मला तेव्हाच कळलं.

मागच्या गुरुवारी, पावणेचारच्या सुमाराला, हळूबाई आजीला धरून आगारात आली. दवाखान्याचा वार बदलला असावा. आजी माझ्याकडेच वळली. "साहेब, चार वीसची..."

"थांब गं आज्जी," हळूबाई म्हणाली, "मी बघते."

ती पडद्यासमोर गेली. एकदा स्पर्श करून तिने वेळापत्रक उघडलं आणि हात पाठीमागे घेतले. माझ्याकडे तिची पाठ. मागे रांग लागायला लागली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून रांगेतल्या माणसांवर असे डोळे वटारले की कोणाची "आटप" म्हणायची छाती झाली नाही. तिला वेळ लागला. पुष्कळ लागला.

मग ती वळून धावत आली. "आज्जी, चार वीसची आज नाही. गुरुवारी रेघ आहे. तीन पन्नासची आहे, ती बघ, ती उभी आहे. चल!" आणि तिने आजीला जवळजवळ ओढतच गाडीकडे नेलं. दोघी चढल्या. गाडी सुटली. रांगेतला पहिला माणूस पडद्याकडे बघून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "साहेब, चार वीसची गाडी कुठे लागते?"

घरी आलो तर बाई टेबलाशी बसून पुठ्ठ्याचा सात कापत होती. मी चपला न काढताच सगळं सांगितलं. तिने कात्री थांबवली.

"रेघ तिने स्वतः बघितली? तुम्ही बोलला नाहीत?"

"शब्द काढला नाही."

"हात कुठे होते तिचे?"

"पाठीमागे. तू शिकवलेस तसे." मग जे मला खिडकीतून दिसलं होतं आणि पडद्याकडे डोळे लावलेल्या रांगेतल्या कोणी पाहिलं नव्हतं, ते मी सांगितलं. "पण बोटं हलत होती. पाठीमागे, हवेत. एक आडवं जात होतं, एक खाली येत होतं."

बाईने कात्री खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्याकडे अशी बघत होती जसं काही मी खोटं बोललो तर तिला लगेच कळणार होतं.

"टक्कर झाली?"

"झाली," मी म्हटलं. "मग वळली."